बायांच्या वर्गाची वेळ

बीबी गावच्या शाळेच्या ओसरीवर हिंमतरावांनी आपला तक्ता पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले. १९६३ सालातला एक रविवार होता, शाळेला सुट्टी. समोर वीस-बावीस बाया पदर सावरून बसल्या होत्या. पंचायत समितीचे हे शिक्षण विस्तार अधिकारी आज बायांचा साक्षरता वर्ग बंद करायला आले होते. हजेरीपटावर बावीस नावं, आणि महिनाभरात पाटी घेऊन आल्या त्या तिघी. हुकूम खिशात तयार होता, सही तेवढी राहिली होती.

पण जाता जाता बायांना थोडी लाज वाटावी, म्हणून त्यांनी तक्ता सोबत घेतला होता. अख्खा पावसाळा बुलढाण्याच्या वाचनालयात बसून त्यांनी तो केला होता. युरोपातले देश एकाशेजारी एक मांडलेले. कोण पोरांना किती वर्षं शिकवतो आणि मोठ्या माणसांना कसं शिकवतो.

“इंग्लंडात पोराला पंधरा वर्षांचं होईपर्यंत शाळेत घालावंच लागतं,” ते सांगू लागले. “स्वीडननं आता नऊ वर्षांची शाळा सक्तीची केली. आणि मोठी माणसं? इंग्लंडातला कामगार कारखाना सुटला की संध्याकाळच्या वर्गाला जातो. डेन्मार्कातले तरुण शेतकरी हिवाळाभर शाळेत जाऊन राहतात. बायका उन्हाळ्यात जातात.”

पुढंच गोजरबाई झोरे बसली होती. मळ्यातली भाजी लोणारच्या बाजारात नेऊन विकणारी बाई, बोलायला कोणाला न भिणारी.

“साहेब, गडी हिवाळ्यात अन् बाया उन्हाळ्यात, असं काऊन?”

हिंमतरावांनी तक्त्यात पाहिलं. महिने होते, कारण नव्हतं.

“तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो. शेतात काम नसतं, म्हणून पुरुष मोकळे असतात.”

“अन् बाया?”

“ते… पुस्तकात दिलेलं नव्हतं.”

“मी सांगते,” गोजरबाई म्हणाली. “त्यायच्या बायायले कोनं तरी इचारलं असन, का बाई, तुले कवा जमते? आमाले कोनं इचारलं? वर्ग सांजच्या सातले. सातले चूल पेटेल, गुरं दारात, लेकरं भुकेजली. तवा पाटी कोन धरन?”

मागं खसखस पिकली. खांबाशी उभे असलेले, हा वर्ग घेणारे निवृत्ती मास्तर हळूच म्हणाले, “वेळ वरून ठरून आली आहे, साहेब.”

हिंमतरावांचे कान तापले. नजर तक्त्यावरच होती. कारखाना सुटला, मग वर्ग. शेत बर्फाखाली गेलं, मग शाळा. ज्यानं त्यानं आपल्या माणसांचं काम बघून वेळ ठरवली होती. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात उतरवलं होतं, आणि एकदाही वाचलं नव्हतं. रागवावं असं मनात आलं होतं, पण त्यांना हसूच फुटलं.

“बरं, मग केव्हा जमेल?”

“दुपारी!” चार-सहा जणी एकदम बोलल्या. “जेवणं उरकली का गुरं येईस्तोवर!”

“मले शिकाचं हाये, साहेब,” गोजरबाई म्हणाली. “परवा लोणारची समजून येष्टीत चढली अन् मेथीचं टोपलं घेऊन मेहकरात उतरली. मेथी सुकली, अन् कंडक्टरची बोलनी खाल्ली ते येगळंच.”

“पण दुपारी मला चार वर्ग सांभाळायचे असतात,” मास्तर म्हणाले.

कडेच्या दोघी उठायच्या बेतानं पदर झटकू लागल्या. तेवढ्यात गोजरबाईनं मागं वळून बोट दाखवलं.

“माही सून सातवी पास हाये. दुसरबीडची.”

सगळ्या माना मागं वळल्या. शालू भिंतीला टेकून बसली होती, ती एकदम ताठ झाली.

“आत्याबाई, मी? मी तुमाले शिकवू? तुमी चुकल्या त मी काय म्हनू?”

“चुकलं म्हन.”

वरिष्ठांना जाब द्यावा लागणार, हे हिंमतरावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी खिशातला हुकूम काढून फाडला आणि हजेरीपटाचं कोरं पान उघडलं. ‘वेळ: दुपारी एक ते तीन’ असं लिहिलं आणि विचारलं, “शिक्षिकेचं पूर्ण नाव?”

“शालू,” ती म्हणाली आणि थांबली. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. चारचौघांत ती नवऱ्याचं नाव कसं घेणार?

हिंमतरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हजेरीपट तिच्याकडं फिरवला आणि पेन पुढं केलं. “लिहा, बाई.”

शालूनं न अडखळता तीन शब्द लिहिले. गोलसर, मोठी अक्षरं. गोजरबाई सरकत सरकत जवळ आली आणि पानावर वाकली.

“यातलं माह्या लेकाचं कोनतं?”

शालूनं मधल्या शब्दावर बोट ठेवलं.

“वाच ना मंग.”

शालूनं ओठ मिटून घेतले. लाजेनं तिची मान खाली गेली. हिंमतरावांनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

गोजरबाईनं सुनेचं बोट बाजूला सारलं आणि तिथं आपलं ठेवलं. नखात मळ्याची माती होती.

“उ…” ती म्हणाली. एकेका आवाजाला बोट एकेक अक्षर पुढं सरकलं. “कं… ड… रा… व.”

आवाज जिथं संपला, तिथंच अक्षरंही संपली. गोजरबाई त्या शब्दाकडं बघत राहिली.

मग तिनं बोट पुढच्या शब्दावर नेलं.

“अन् हे?”