खांद्यावरचा बिंदू

शाळेच्या प्रदर्शनासाठी माझ्या लेकीने पुठ्ठ्यातून स्वतःची आकृती कापली होती. सातवीतली पोर, पण कात्री अशी चालवलेली की नाकसुद्धा हुबेहूब तिचंच. माझी छाती आधीच फुगली होती.

तिने आकृती कडेच्या एका भोकातून टाचणीवर लटकवली, ओळंब्याचा दोरा सोडला आणि दोऱ्यालगत रेघ ओढली. मग दुसऱ्या भोकातून, मग तिसऱ्या. "रेघा जिथे मिळतात, तिथे तोल," ती परीक्षकांना म्हणाली.

रेघा पोटावर मिळायला हव्या होत्या. त्या डाव्या खांद्यावर मिळाल्या.

"चुकलीस बाळा," परीक्षक हसले.

"नाही सर, बघा ना." तिने खांद्याखाली पेन्सिलीचं टोक धरलं. आकृती त्यावर आडवी, अगदी स्थिर राहिली. परीक्षकांनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. मागे काही चिकटवलेलं नव्हतं.

"माझी मुलगी," मी शेजारच्या बाईंना सांगून टाकलं.

मग परीक्षकांनी पेन्सिल घेतली आणि टोक पोटाखाली टेकवलं. आकृती डावीकडे कलू लागली, सावकाश, एका टोकाला कोणी बसल्यावर बाक कलावं तशी.

"सर, नको! ती पडेल!" लेक ओरडली.

"कोण गं?" मी विचारलं.

तिने आकृतीच्या डाव्या खांद्याशेजारी, रिकाम्या जागेत, दोन्ही हात पसरले. ओझं यावं तसे ते एकदम खाली वाकले.

"बाबा," ती माझ्याकडे बघून अभिमानाने हसली, "झेललं मी तिला."