डिस्कची घरघर

"आवाज येतोय म्हणजे डिस्क जिवंत आहे, वहिनी," दुरुस्तीवाला सवयीने बोलून गेला. कॉम्प्युटरला जोडलेली हार्ड डिस्कची काळी डबी त्याने कानाला लावली होती. आतून बारीक घरघर येत होती.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "त्यात ह्यांचा आवाज भरून ठेवलाय. आता तेवढाच उरलाय."

वहिनींच्या यजमानांचा कॉम्प्युटरही बारा वर्षांचा म्हातारा. डबी जोडली की तिचा दिवा लागायचा, पण पडद्यावर डिस्कचा मागमूस नाही. त्याने केबल बदलली. मागच्या पोर्टात लावून पाहिली. जुन्या पोर्टातून करंट कमी पडतो, म्हणून वेगळा अडॅप्टरही जोडला. तरी मुसळ केरात.

शेवटी वैतागून त्याने केबल उपटली. दिवा विझला.

घरघर चालूच राहिली.

कॉम्प्युटरच्या पंख्याची असेल, म्हणून त्याने कॉम्प्युटर बंद केला. मग छताचा पंखाही. भर दुपारी खोली चिडीचूप झाली, आणि डबीतली घरघर उलट जास्तच स्पष्ट ऐकू येऊ लागली.

त्याने स्क्रू काढून झाकण उचललं. आत डिस्क नव्हती. साधी एक तारही नव्हती. डबी रिकामी होती आणि हाताला कोमट लागत होती.

त्याने घाईघाईने झाकण परत बसवलं.

"काय झालं, भाऊ?" वहिनी जवळ आल्या. "जिवंत आहे ना?"

इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने डबी पुन्हा कानाशी नेली.

घरघर थांबली होती. उत्तर ऐकायला कुणी श्वास रोखून धरावा, तशी.