पाणी बंद

मलम लावताच हातांची अशी आग झाली, की सुनेला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी भलतंच औषध दिलं.

तसं नव्हतं. सुरुवातीला आग होईल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पार्लरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांचे केस धुऊन तिच्या हातांची पार वाट लागली होती. बोटं लालभडक, पेरांना भेगा. स्टिरॉइडच्या मलमाने कातडी पातळ होऊ लागली, म्हणून हे दुसरं. शाम्पूने चिडलेली कातडी आपणच आपल्यावर भडकत राहते, तो भडका हे मलम शमवतं. पार्लरमध्ये मात्र हातमोजे हवेतच, आणि घरी धुणीभांडी बंद.

घरी सासूबाई होत्या. लग्नापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच. सुनेने भीतभीत सांगितलं, तेव्हा आमच्या हातांचे असले लाड कुणी केले नाहीत, असं पुटपुटत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि भांडी पुढ्यात ओढली.

त्यांना एकटीला राबताना बघून सुनेला आत जाऊन बसवेना. ती ओट्याजवळ स्टूल घेऊन बसू लागली. नुसतं काय बसायचं, म्हणून पार्लरमधल्या गमती सांगू लागली. एका टकल्या गृहस्थाने भांग कुठल्या बाजूने शोभेल असं विचारलं, हे ऐकून सासूबाई पातेलं खाली ठेवून हसल्या. हळूहळू त्याही बोलत्या झाल्या. सासरे गेल्यावर घर कसं खायला उठायचं, हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

हात निवत गेले. भेगा बुजल्या. सुनेने घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मलम थांबवा म्हणाल्या, मोजे घालून भांडी घासायलाही आता हरकत नाही.

सून घुटमळली. "सासूबाईंनी विचारलं, तर अजून बरे नाहीत म्हणून सांगाल?"

"कामाचा कंटाळा आला?"

"नाही हो. भांडी मी घासायला लागले, की त्या आपल्या खोलीत जाऊन बसतील. परत सगळं गप्पगप्प."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला होता तेव्हा हात बघितले मी, छान बरे झालेत. पण तिला तसं सांगू नका, अजून थोडे दिवस पाणी बंदच ठेवा."