गुंडप्पाचा शर्ट

उदगीरजवळच्या एका गावात सकाळी गुंडप्पाचं प्रेत शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडलं. छातीवर कोयत्याचे नऊ वार होते. धाकटा भाऊ सोमेश म्हणाला, "काल सांजच्याला बालाजी कोयता घेऊन पळताना म्या बघितला." बालाजी शेजारचा शेतकरी, धुऱ्यावरून त्यांचं जुनं भांडण होतंच. गावाने त्याचे दोन्ही हात मोडले आणि मग त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं. "म्या न्हाई मारलं," असं तो ओरडत राहिला.

दीड वर्षाने कोर्टात ओळख पटवण्यासाठी प्रेताच्या अंगावरचा गुंडप्पाचा शर्ट त्याच्या बायकोपुढे, अक्षरापुढे ठेवला. खून झाला तेव्हा ती माहेरी होती. वाळलेल्या रक्ताने कडक झालेला तो शर्ट तिने उलगडला, उजेडात धरला.

"यांचाच हाय साहेब. पण छातीवर नऊ वार झाले, अन् शर्ट कुठंच कसा फाटला न्हाई?"

पोलिसांनी तो शर्ट पुडक्यात सील केल्यापासून कोणी नीट पाहिलाच नव्हता.

"म्हणजे मारलं तेव्हा ते उघडे होते," न्यायाधीश म्हणाले. "मग शर्ट घातला कोणी?"

मागच्या बाकावरून गुंडप्पाची म्हातारी आई, लक्ष्मम्मा, भिंतीला धरून उठली.


"म्या घातला. सोमेशनं त्याला घरातच तोडलं होतं साहेब... पण लेकराला उघड्या अंगानं शेतात कसं टाकू?"