चावीचा कॅमेरा

"रीळ काढ म्हणावं त्याला," कुबरा नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर कॅमेरा गच्चीवरून खाली टाकते."

लुकास साहेब कॅमेरा छातीशी धरून उभा होता. बेल्जियमचा दिग्दर्शक. एकसष्ट साली तेलाच्या विहिरींवर फिल्म करायला कुवेतमध्ये फहाहीलला आला, तेव्हा कुबराचा मुलगा यूसुफ तिथे त्याच्या पेट्या वाहायचा. आता यूसुफ लंडनच्या इस्पितळात होता. साहेब त्याला भेटून आला, म्हणून कुबराने स्वतः त्याला चहा दिला होता.

आणि चहा पिऊन त्याने काय केलं? सून झुलेखा कपडे वाळत घालत होती, कुबरा तिच्याशेजारी कालवणाची सुंगटं सोलत होती, आणि हा मेला कोपऱ्यातून गुपचूप फिल्म काढत होता.

हुसेनने बायकोला समजावून पाहिलं. साहेबाची वीस वर्षं यात गेली. मोठे दिवे, रुळांवरचे कॅमेरे, सगळं सोडून तो आता हा एवढासाच कॅमेरा वापरतो. चावी दिली की अर्धं मिनिट चालतो. लहानसा, समोरच्याला पत्ताही लागत नाही.

"चोराचं हत्यार ते," कुबरा म्हणाली. "उद्या माझी सून विलायतेत पडद्यावर कपडे वाळत घालणार, आणि गोरे तिकीट काढून बघणार."

बाईमाणसाचा फोटो तिने कधी काढू दिला नव्हता. यूसुफच्या लग्नातला फोटोवाला तिने मांडवातूनच परत धाडला होता.

"आधी ऐकून तर घे," हुसेन दोनदा म्हणाला. दोनदा तिने त्याला गप्प केलं. साहेब इंग्रजीत विनवत होता, त्याच्याकडे तर तिने पाहिलंही नाही.

शेवटी साहेबाने कॅमेरा उघडला. कुबराने फीत ओढली, हातभर, मग वावभर, सगळी उन्हात. साहेबाने तोंड फिरवलं. बाराचं विमान होतं. पेटी उचलून तो जिना उतरला.

"गेली बला. अब्रू राहिली माझ्या सुनेची."

हुसेनने खिशातून यूसुफचं पत्र काढलं. साहेबानेच सकाळी आणलेलं. त्याने ते झुलेखाला दिलं. "वाच. तिला ऐकू दे."

झुलेखा वाचू लागली. "अब्बा, शुक्रवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर दिसेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. झुलेखाचा फोटो मी लपवून आणलाय, तो पुरे. अम्मा सांगून उभी राहायची नाही. तिला न विचारता साहेबांना फक्त अम्माचं तोंड घेऊ द्या, शुक्रवारच्या आत एकदा बघायचंय."