धरलं तर ओढायचं नाही

समुद्रसिंहाच्या नराने ब्रिनचं डोकं तोंडात धरलं, तेव्हा लॉर्न तिच्यासमोर हातभर अंतरावर समुद्राच्या तळाशी गुडघे टेकून बसला होता. बाप समोर असून लेकीचं डोकं जनावराच्या तोंडात.

तसं यात नवल काही नाही. मार्च उजाडला की हेरिंग मासळी अंडी सोडायला बेटाच्या किनाऱ्याला लागते, आणि तिच्या मागोमाग समुद्रसिंह या खडकांवर येऊन पडतात, चांगले बैलाच्या अंगाचे. पाण्यात उतरलेलं माणूस म्हणजे त्यांना एक कोडंच. हात नसल्यामुळे बिचारे सगळं तोंडात धरून बघतात. कोपर धरतील, पाठीवरची हवेची टाकी धरतील, डोकंही धरतील. जरा चाचपतात आणि सोडून देतात.

बेटावरच्या पाणबुड्यांनी याचीही सवय करून घेतलीय. धरलं तर ओढायचं नाही, आणि दुसऱ्याला धरलं तर सोडवायला जायचं नाही, हाताची घडी घालून गप्प बसायचं. हिसका बसला की त्या जनावराला वाटतं, मासा निसटतोय, आणि मग ते दात मिटतं. मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्याने घाबरून हात ओढला. त्या हाताने त्याला आता कॉफीचा कपही धरता येत नाही.

हे सगळं लोकांना शिकवायचा तो लॉर्नच. ब्रिनने तर ते लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. आज ती पहिल्यांदाच समुद्रसिंहांमध्ये उतरली होती, कारण तिने हट्ट धरला आणि त्याच्याच्याने नाही म्हणवलं नाही.

नराने मागून येऊन अलगद जबडा उघडला होता आणि तिची रबरी टोपी कपाळापर्यंत आत घेतली होती. वरचे दात तिच्या चष्म्याच्या काचेवर टेकले होते. ब्रिन अजिबात हलली नाही. काचेआडून ती लॉर्नकडे एकटक बघत होती. तिची नजर काय म्हणतेय ते त्याला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. बाबा, सोडव.

लॉर्न हाताची घडी घालून बसून राहिला.

नराने मान थोडी डावीकडे वळवली, तशी ब्रिनची मानही त्याच्याबरोबर वळली. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने जबडा उघडला, तिला सोडलं आणि शेपटीकडचा भाग एकदा हलवून तो हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

वर डॉरीनने दोघांना हात देऊन नावेत घेतलं. सत्तरी ओलांडली तरी नाव अजून तीच हाकायची. मासळीने अंडी सोडली नव्हती, त्यामुळे पाणी अजून गढूळ झालं नव्हतं, आणि अठरा-वीस फूट खोल तळावरचं सगळं तिने काठावरून वाकून पाहिलं होतं.

"लॉर्न, माणूस आहेस की दगड?" ती म्हणाली. "इथे वर मी काठ धरून ओरडतेय, आणि तू आपला घडी घालून बसलायस. पोटची पोर ना रे तुझी?"

"तसंच करायचं असतं, डॉरीन."

"मला नको शिकवूस. माझा नवरा तुला हे शिकवायचा, तेव्हा तुम्हा दोघांचा चहा मी करायचे." तिने ब्रिनच्या पाठीवरची टाकी उतरवून घेतली. "पण मानलं हं तुला. दुसरा कुणी असता तर धावला असता आणि पोरीला घालवून बसला असता."

 लॉर्नने थर्मासमधून कॉफी ओतली ती अर्धी बाहेर सांडली. थंडी आहे, असं तो पुटपुटला.

ब्रिनने टोपी काढून मांडीवर घेतली. रबरावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, पण ते कुठेही फाटलं नव्हतं. तिने त्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि केस पिळायला घेतले. खडकांवरून समुद्रसिंहांचा आरडाओरडा चालूच होता.

डॉरीन नांगर ओढायला पुढे गेली, तसा लॉर्न लेकीच्या शेजारी येऊन बसला. त्याला कळत होतं की आत्ता गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नाही. संध्याकाळपर्यंत डॉरीन ही गोष्ट बेटभर करेल, आणि मग ती खोडून काढायची हिंमत त्याला कधीच होणार नाही. आणि ही पोर त्याला कोणीतरी मोठा धीराचा माणूस समजून जन्म काढेल.

"ब्रिन, ती म्हणते तसं नाहीये गं," तो म्हणाला. "मला तेव्हा काहीच आठवलं नव्हतं. शिकवलेलं नाही, काही नाही. तुला सोडवायला यावं असं फार वाटत होतं. पण हातच उचलेनात. इतका घाबरलो होतो मी. त्याने खरंच दात मिटले असते ना, तरी मी तसाच बसून राहिलो असतो."

हे शेवटचं बोलताना त्याला रडू आलं.

ब्रिन केस पिळत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुझे बुडबुडे बंद झाले होते, बाबा. पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही, हे तूच मला सगळ्यात आधी शिकवलंस. आणि तुझ्या तोंडातून एक बुडबुडा येईना." तिने त्याच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला. "म्हणून मी तुझ्याकडे बघत मोठे मोठे श्वास सोडत बसले. म्हटलं, माझं बघून तरी सोडशील."