उंदराचा आवाज

“हेही बिघडलंच,” मर्ल कुजबुजला. त्याची कुजबुज हल्ली पलीकडच्या टेकडीला ऐकू जाईल एवढी मोठी झाली होती.

आर्लीनने ओठांवर बोट ठेवलं. नवरा-बायको दोघं सेजच्या झुडपाला पाठ लावून बर्फात बसली होती. तिच्या हातात रिमोट, त्याच्या मांडीवर रायफल. चाळीस पावलांवर, खडकांच्या पायथ्याशी, आवाज काढणारं यंत्र ठेवलेलं होतं. आधी वीस मिनिटं त्यातून मरणारा ससा किंचाळला होता. तो मर्लला व्यवस्थित ऐकू आला होता. सशाच्या आवाजाला भुलून कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्हा, धावत सुटतो. बॉबकॅट म्हणजे पडलं रानमांजर, ते दबा धरून बसतं. त्याला शेवटची चार पावलं उघड्यावर आणायची तर उंदराची बारीक चूंचूं लागते. आणि नेमकं उंदराचं बटण दाबलं की यंत्राची दातखीळ बसायची.

या हिवाळ्यातलं हे तिसरं यंत्र. आधीची दोन मर्लने दुकानात नेऊन आपटली होती. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने यंत्र स्वतःच्या कानाशी धरलं, मर्लकडे जरा वेळ पाहिलं आणि बदलून दिलं.

एरवी आर्लीन शिकारीला येत नसे. मर्लचा नेहमीचा जोडीदार कंबर धरून घरी पडला होता, म्हणून ती आली. शिवाय सोमवारी ती बॉयसीला मुलीकडे निघाली होती. थंडी सरेपर्यंत, असं मुलगी फोनवर म्हणाली होती. तिने भरलेल्या बॅगांचा ढीग पाहून मर्लला ते खरं वाटत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि ‘तूही चल’ असं बायको एका शब्दानेही म्हणाली नव्हती. हे त्याला फार लागलं होतं. घरात ती बोलेनाशीच झाली होती. बोललीच तर तोंडातल्या तोंडात. मग मर्लनेही तोंड शिवून घेतलं. न बोलावता जाणाऱ्यांतला तो नव्हता.

“उंदीर लाव,” तो म्हणाला.

“लावलाय.”

“काय?”

आर्लीनने रिमोट त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर उंदराचं चित्र लुकलुकत होतं.

“चित्राला काय चाटायचंय? आवाज कुठाय?”

ती काही बोलणार तेवढ्यात बॉबकॅट दिसलं. खडकावर ते बहुधा मघापासूनच बसलेलं होतं. ते खाली उतरलं, पोट जमिनीला घासत पुढे आलं आणि यंत्रापासून दोन हातांवर बसलं. आखूड शेपटी तेवढी हलत होती. मर्लने रायफल हळूच खांद्याला लावली. रायफलवरच्या दुर्बिणीत मांजराचं डोकं स्पष्ट दिसत होतं, काळ्या टोकांचे दोन्ही कान यंत्राकडे वळलेले. ते कान मधूनमधून फडफडत होते. एकदा डावा, एकदा उजवा.

मर्लचं बोट घोड्यावर तसंच राहिलं. बंद पडलेल्या डब्यासमोर मांजर कान कशाला टवकारेल?

त्याने रायफल खाली घेतली. मांजरावरची नजर न काढता आर्लीनच्या हातातला रिमोट ओढून घेतला आणि बटण दाबलं. कान सैल पडले. मांजर दुसरीकडे बघू लागलं. त्याने पुन्हा बटण दाबलं. कान ताठ झाले, मान वळली. पुन्हा बंद. पुन्हा चालू. चार वेळा त्याने विचारलं, चारही वेळा मांजराने तेच उत्तर दिलं.

मर्लला भीती वाटली. गेल्या साली अस्वल पंधरा पावलांवर उभं राहिलं होतं, तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

त्याने वळून आर्लीनकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. भुवया उंचावून, रायफलकडे बोट करून ती घाईघाईने काहीतरी सांगत होती. मर्लला वारा ऐकू येत होता. बायको ऐकू येत नव्हती.

मांजराला माणसांची हालचाल दिसली. एका उडीत ते खडकाआड गेलं.

“अरे, मारलं का नाहीस?” आर्लीन आता मोठ्याने ओरडली. “किती वेळ सांगतेय तुला!”

“आर्लीन,” मर्ल म्हणाला, “तू भांडी घासताना माझ्याशी बोलतेस का गं? माझ्याकडे पाठ करून?”

“हा काय प्रश्न झाला? बोलते की. तूच कानाडोळा करतोस. मीही म्हटलं, नसेल बोलायचं तर नाही. किती दिवस भिंतीशी बोलायचं माणसाने?”

मर्ल तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. अर्धं त्याला ऐकू आलं, अर्धं त्याने ओठांवरून जुळवलं.

“बॉयसीला...” तो तिच्याकडे सरकला. “मला ‘चल’ म्हणाली होतीस तू?”

आर्लीनचा चेहरा संतापाने लाल झाला. असली क्रूर थट्टा त्याने आजवर कधी केली नव्हती. मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या रिमोटकडे गेलं. बटण चालूच राहिलं होतं. चाळीस पावलांवर उंदीर कोकलत होता, तिच्या कानांना तो टोचत होता, आणि तिला खेटून बसलेल्या या माणसाला त्याची दादही नव्हती.

 मग तिने हातमोजा काढला आणि तीन बोटं त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तीनदा म्हणाली होती ती.